आधी उपवासाचं, शेवटी डाळी

रघुनंदन राव गिरणीतलं सगळं काम उजव्या हाताने करायचा. डबा उचलायचा, खांद्याच्या वर न्यायचा, तिथून एका झोक्यात वरच्या पेटीत धान्य ओतायचा. त्याच हाताने चाक फिरवून दगड जवळ आणायचा आणि त्याच हाताच्या चिमटीत पीठ चोळून बघायचा. डावा हात कमरेवर. मी त्याला पुष्कळदा सांगितलं की पेटीखाली एक पायरी बांध, डबा छातीच्या वर न्यावा लागणार नाही. तो म्हणायचा, "बापाने असंच केलं." बाप साठीच्या आत गेला, ते तो सांगायचा नाही.

गिरणी येलहंक्याच्या जुन्या गावात. पुढे दळण, मागे घर. रघुनंदनचं घराणं या कानडी मुलखात इतक्या पिढ्या आधी आलं की कुठून आलं ते आता त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, त्यात निम्मं कन्नड. मी मिरजेचा. तरुणपणी इथल्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तिथूनच निवृत्त झालो. तेव्हापासून माझा चहा रघुनंदनच्या ओट्यावर. दगडाला टाकी लावायची असली की मी लावून देतो. खडबडीत झाल्याशिवाय दगड दळत नाही, आणि टाकी लावणारे आता मिळत नाहीत.

खांदा दसऱ्याला दुखायला लागला. संक्रांतीपर्यंत त्याला शर्ट घालता येईना. बायको, भार्गवी, त्याचा हात बाहीत घालून द्यायची आणि तो तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा. मग गिरणीत येऊन त्याच हाताने डबा उचलायचा. उचलताना घशातून एक आवाज निघायचा. मोटरच्या आवाजात तो कोणाला ऐकू जात नाही अशी त्याची समजूत होती.

शेवटी भार्गवीने त्याला जे. पी. नगरच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरने फोटो उजेडाला धरला आणि सरळ सांगितलं. खांद्यातली दोरी फाटत आली आहे. आता शिवली तर शिवली जाईल. पावसाळ्यापर्यंत थांबलात तर शिवायला काही उरणार नाही, हात असाच लोंबेल. शिवल्यावर बरेच दिवस हात गळ्यात, नंतर कित्येक महिने वजन नाही. आणि डबा डोक्यावर नेणं आता विसरायचं.

गिरणीसमोर उतरल्यावर रघुनंदन म्हणाला, "दसऱ्यानंतर बघू."

भार्गवी म्हणाली, "डॉक्टर कन्नडात बोलला. मराठीत बोलला असता तरी तुम्हांला हेच ऐकू आलं असतं."

त्याची अडचण खोटी नव्हती. बंद गिरणीच्या दारात गिऱ्हाईक वाट बघत उभं राहत नाही. हल्ली फोनवर पीठ मागवलं की चहा उकळायच्या आत दारात येतं. एकदा सवय लागली की कोण गहू निवडणार, कोण डबा वाहणार? दोन महिने शटर खाली राहिलं असतं तर ते वर करण्यात अर्थ उरला नसता. आणि रघुनंदनला दुसरं काही येत नव्हतं.

"मी चालवते," भार्गवी म्हणाली. "महांतेश आहे."

महांतेश निपाणीकडचा. तिशी ओलांडलेला, बायको-मुलं गावाकडे. गिरणीत डबे आत-बाहेर करायचा, वजन करायचा, झाडायचा. घरी कन्नड आणि मराठी दोन्ही बोलत वाढलेला, त्यामुळे गिऱ्हाइकांशी त्याचं जमायचं. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी नियम एकच होता. चाकाला हात लावायचा नाही.

"तुला काय येतं?" रघुनंदनने बायकोला विचारलं.

"तुम्ही सांगाल ते येईल."

"सांगता येत नाही. हातात असतं."

"मग हात इथे काढून ठेवा आणि दवाखान्यात जा."

तो उठून आत गेला. भार्गवी माझ्याकडे वळली.

"भावजी, तुम्ही रजेवर गेलात की कारखाना बंद पडायचा का?"

"नाही."

"का?"

"दुसरा माणूस यायचा. आधी काय करायचं, नंतर काय करायचं, ठरलेलं असायचं. तो माझ्यापेक्षा कच्चा असला तरी काम निघायचं."

"मग इथे तसं करून द्या. कच्च्या माणसाने करायचं आहे असं धरूनच करा. मी कच्चीच आहे."

आम्ही दोघं काही दिवस नुसते बसून रघुनंदनचं काम बघत होतो. तो चिडायचा. "सिनेमा आहे का?" म्हणायचा. बघितल्यावर कळलं की त्याचं काम कुठल्याच दोन दिवशी सारखं नसतं. जो मोठ्याने हाक मारेल त्याचा डबा आधी. मग त्यासाठी मधेच दगड साफ करायचा, गव्हावरून ज्वारीवर, ज्वारीवरून परत गव्हावर. प्रत्येक वेळी नव्या धान्याची मूठ सोडून आधीचं पीठ ढकलून काढायचं आणि ते गाईच्या डब्यात टाकायचं. एवढी ये-जा नसती तर निम्मे कष्ट वाचले असते. शिवाय कोणाला पोळीसाठी बारीक लागतं, कोणाला भाकरीसाठी जरा भरड, ते सगळं त्याच्या डोक्यात. लोक कौतुक करायचे, अण्णाला सांगावं लागत नाही. त्या कौतुकाचा त्याला सोस होता. पण त्याचा अर्थ एवढाच होता की त्याला आजारी पडायची सोय नव्हती.

भार्गवीने आधी ते डोकं रिकामं केलं. "कोणाला कसं लागतं ते डब्यालाच बोलू दे," ती म्हणाली. मी जुन्या पत्र्याचे गोल बिल्ले कापले, कडांना कानस मारली म्हणजे कोणाचं बोट कापू नये, भोक पाडून तारेचा आकडा लावला. पांढरा बारीक, पिवळा मध्यम, लाल भरड. बिल्ला डब्याच्या कडीला, तो घरी जाणार आणि डब्याबरोबर परत येणार.

बायकांनी नावं ठेवली. "आता डब्याला बिल्ला? रेशनचं दुकान काढलंत का, भार्गवी?"

"रेशनला रोज सांगावं लागतं, अक्का. इथे एकदाच."

मग क्रम. आत ओट्यावर रंगाने जागा आखल्या, प्रत्येक धान्याची वेगळी. आलेला डबा त्याच्या जागेवर जाईल. दळताना तांदूळ आधी, मग गहू, मग ज्वारी, मग रागी, म्हणजे नाचणी, शेवटी डाळी. रोज तेच. कोणी कितीही घाईत असो. उपवासाचं दळण फक्त मंगळवारी सकाळी, दगड उघडून, पुसून, सगळ्यांच्या आधी. राजगिरा, वरई, साबुदाणा यांत धान्याचा कण गेला तर उपवास मोडतो, आणि दगड उघडणं रोज परवडत नाही.

पायरी मी विटांची बांधली. या वेळी रघुनंदनने बापाचं नाव काढलं नाही. भार्गवी डबा उचलणार नव्हती. ती पायरीवर उभी राहून तसराळ्याने थोडं थोडं धान्य पेटीत टाकणार. वेळ जास्त लागतो. खांदा लागत नाही. यात मला काही हरकत दिसली नाही.

चाक राहिलं. चाकावर दगडांमधलं अंतर ठरतं आणि अंतरावर पीठ. मी चाकामागे रंगाच्या खुणा केल्या, बिल्ल्यांच्याच रंगांच्या. महांतेशने पहिल्यांदा चाकाला हात लावला तेव्हा हात आधी लुंगीला पुसला. आठवडाभर चांगलं चाललं. मग पीठ जाड यायला लागलं.

रघुनंदनला आनंद झाला. कुठे पडल्यावर लागलं नाही म्हणून होतो तसा. "बघ. सांगत होतो. खुणेने पीठ होत नाही."

दगड झिजतो, खूण तिथेच राहते. कारण एवढंच होतं. पण मग तो स्वतः काय करत होता? विचारलं तर म्हणाला, काही नाही, अंदाज.

भार्गवी आतून पोळपाट घेऊनच बाहेर आली. "काही नाही कसं? रोज सकाळी मोटर लावता, चाक हळूहळू फिरवता, मान वाकडी करता आणि एकदम मागे घेता. मग पहिला डबा. लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघरातून ऐकते आहे."

"मान वाकडी करतो?"

"करता. कोंबड्यासारखी."

महांतेश हसला आणि लगेच तोंड फिरवलं.

रघुनंदनला ते खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याने करून दाखवलं. रिकामा दगड फिरत असताना दुसरा हळू जवळ आणला, एकमेकांना जेमतेम लागले तशी बारीक 'स्स्' अशी शीळ आली, त्याने चट्कन मागे घेतलं. तिथून सुरुवात. अंतर चाकावर नव्हतंच, त्या शिळेपासून होतं. मी खुणांची एक सुटी कडी करून दिली. सकाळी शीळ ऐकायची, मागे घ्यायचं, कडीचं टोक तिथे आणून स्क्रू आवळायचा. मग दिवसभर खुणा खऱ्या. दगड झिजला तरी खऱ्या, टाकी लावली तरी खऱ्या. महांतेशचा कान चांगला होता. भार्गवीला जमायला वेळ लागला, पण जमलं.

ऑपरेशनची तारीख शिवरात्रीनंतरची घेतली. तोवर रघुनंदनने गिरणीत पाय ठेवायचा नाही, काय अडतं ते बघायचं, असं ठरलं. जमिनीवर मी पिवळी पट्टी मारली. पट्टीच्या पलीकडे यंत्राजवळ फक्त दोघं, भार्गवी आणि महांतेश. पट्टी मारायला सांगितली रघुनंदननेच. ओट्यावर बसून दाखवीन म्हणाला.

बसणं त्याला जमत नव्हतं. जे कष्ट करताना तो थकला नाही ते न करताना थकायला लागला. संध्याकाळी ओट्यावरून उठताना भिंत धरायचा. आतून येणारा प्रत्येक आवाज त्याच्या चेहऱ्यावर दिसायचा. पट्टा सैल आहे. आता तांदूळ संपला. आता पेटी रिकामी, पेटी रिकामी, टाक की. मग आत तसराळ्याचा आवाज यायचा आणि तो पाठ टेकायचा. जुनं गिऱ्हाईक आलं की त्यालाच हाक मारायचं. "अण्णा, तेवढं माझं आधी!" तो महांतेशकडे बोट दाखवायचा. ते बोट दाखवणं त्याच्या जिवावर यायचं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी तानूबाई आल्या. त्या आमच्या भागातल्या मराठी घरांत सगळ्यांत वडील. रघुनंदनचा बाप त्यांना अक्का म्हणायचा, रघुनंदन मावशी म्हणतो. हातात डबा, डब्यात उपवासाची भाजणी. मंगळवार होऊन गेला होता. त्यांना निरोप दिला होता, त्या विसरल्या होत्या. भार्गवी बाजारात गेली होती. महांतेश कोपऱ्यावरच्या मेसमध्ये जेवायला. यंत्र बंद होतं, रागीचं दळण नुकतंच संपलं होतं.

"राघू, तू आहेस ना? मग झालं," तानूबाई म्हणाल्या.

तो उठला.

मी म्हटलं, "दगडावर रागी आहे."

"मूठ सोडतो." त्याने पट्टी ओलांडली.

"दगड उघडायला लागेल."

"पुरुषोत्तमा, मी काल जन्मलो का?"

मोटर सुरू झाली. तानूबाईंच्याच डब्यातली मूठ त्याने सोडली, पीठ बाजूला काढलं, मग डाव्या हाताने डबा धरून, उजव्याने टेकू देत वर नेला. तो आवाज घशातून निघालाच. पण पीठ घेऊन तानूबाई निघाल्या तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. कोणी यायच्या आत तो ओट्यावर येऊन बसला. भार्गवीला त्याने सांगितलं नाही. मी सांगावं असं मला वाटलं. पण घर त्याचं आणि यंत्रही त्याचं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तानूबाई आल्या त्या सरळ आत. डबा आतल्या ओट्यावर आपटला. गहू चालू होता, चार बायका उभ्या होत्या.

"हे बघा. सगळ्यांनी बघा. वरईच्या पिठात लाल ठिपके असतात का? तव्यावर थालीपीठ टाकलं तर रागीचा वास. टाकून दिलं मी ते थालीपीठ. दिवसभर दुधावर काढला, या वयात."

भार्गवी पायरीवरून खाली आली. "मावशी, उपवासाचं तर आपण मंगळवारी—"

"मंगळवार-बिंगळवार मला सांगू नको. बिल्ले लावलेत, पट्ट्या मारल्यात, आणि चाक दिलंत परक्याच्या हातात. त्याला काय कळणार आपला उपवास? राघूचा बाप असता तर हे झालं नसतं."

सगळ्या महांतेशकडे बघायला लागल्या. त्याला तो डबा कधी आला हेही ठाऊक नव्हतं. त्याने तानूबाईंकडे बघितलं, मग बाहेर ओट्यावर बसलेल्या रघुनंदनकडे. तेवढ्यात त्याला कळलं असावं. त्याने डोक्याचा टॉवेल सोडला, त्यातलं पीठ झटकलं, घडी घालायला लागला. एक घडी, त्यावर दुसरी.

"अक्का," तो भार्गवीला म्हणाला, "मी गावाकडं जातो. तिकडंबी गिरण्या हाईत."

तो गेला असता तर भार्गवी एकटीने गिरणी चालवू शकली नसती. म्हणजे ऑपरेशन नाही. म्हणजे पावसाळा, आणि लोंबणारा हात. हे मला कळत होतं, भार्गवीला कळत होतं, रघुनंदनला तर नक्कीच. तो रस्त्याकडे बघत होता. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

भार्गवीने मोटर बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. आता कोणाचाही आवाज कशात लपणार नव्हता.

"मावशी, मी दळलं," रघुनंदन म्हणाला.

"काय?"

"तुमचं दळण मी दळलं. महांतेश जेवायला गेला होता. दगडावर रागी होती. मूठ सोडली, पुरली नाही."

तानूबाईंना आठवत असावं, डबा त्यांनी कोणाच्या हातात दिला होता ते. पण त्या मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मग इतका वेळ तोंडात काय होतं? पीठ?"

एक बाई फिस्सकन हसली. रघुनंदन उठला, पट्टीपाशी आला, थांबला. "महांतेश, मोटर बंदच आहे. दगड उघड, पूस. मावशींचं आत्ताच्या आत्ता नव्याने दळून दे. भाजणी घरातली घे."

महांतेश टॉवेलची घडी हातात घेऊन उभा होता. जाणार की राहणार ते त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं बहुतेक. मग त्याने घडी मोडली आणि टॉवेल परत डोक्याला बांधला.

"न्हाई, अण्णा. आता गव्हाचं निम्मं झालंय, ज्वारी थांबलीय. उपवासाचं मंगळवारी. सगळ्याच्या आदी."

"मी सांगतोय."

"तुमीच तर पट्टी मारायला लावलीसा."

भार्गवी मधे पडली नाही. रघुनंदन पट्टीच्या अलीकडे उभा होता. उजवा हात त्याने डाव्याने धरला होता. गव्हाच्या डब्यावाल्या बाईने घड्याळ बघितलं.

"सरी, बरं," तो म्हणाला. "मंगळवारी."

"मंगळवार तर मंगळवार," तानूबाई म्हणाल्या. "पुढची एकादशी आहेच. पण डबा मी इथे ठेवून जाणार नाही. या राघूने हात लावला म्हणजे?" निघताना महांतेशपाशी थांबल्या. त्याची माफी त्यांनी मागितली नाही. एवढंच विचारलं, "दगड कशाने पुसतोस रे?"

"कोरड्या फडक्यानं. आदी कुंचल्यानं."

"कुंचला निराळा ठेव," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. रघुनंदनला नेताना गिरणी चालू होती. भार्गवीच्या जागी त्या दिवशी मी पायरीवर उभा होतो, धान्य टाकत. मला काही विचारावं लागलं नाही. बिल्ला बघायचा, जागा बघायची, महांतेश खूण लावायचा. संध्याकाळी माझ्या पोटऱ्या भरून आल्या, पण डोकं रिकामं होतं. कारखान्यात असं असायचं.

पुढे पावसाळा आला आणि गेला. गिरणी एक दिवस बंद पडली नाही. गिऱ्हाईक थोडं गेलं, थोडं नवीन आलं. नवीन घरांतली माणसं, मराठी आणि इतर, बिल्ले बघून खूश होतात, आमचं कसं लागतं ते दर वेळी सांगावं लागत नाही म्हणतात. पिठाबद्दल खरं सांगायचं तर रघुनंदनच्या चांगल्या दिवसाचं पीठ याहून चांगलं होतं. त्याच्या वाईट दिवसाचं याहून वाईट होतं. हे रोज सारखं येतं. ज्यांना फरक कळायचा अशा दोन-तीन बायका होत्या. त्या कुरकुरल्या आणि येत राहिल्या.

रघुनंदन भिंतीवर बोटं चढवायचे व्यायाम करतो. हात आता हनुवटीपर्यंत येतो. शर्ट स्वतः घालतो, बटणंही लावतो. डॉक्टर म्हणतात, झालं तेवढं पुष्कळ झालं.

पण कष्ट कुठे जात नाहीत. एकाच्या खांद्यावरून उतरतात ते दुसऱ्याच्या अंगावर बसतात. दिवाळीपर्यंत भार्गवीची मनगटं सुजायला लागली. तसराळं हलकं असतं, पण ते दिवसभर असतं. पहाटे घरचं, मग गिरणी, मग परत घरचं. ती चिडायची नाही. बोलणं कमी झालं होतं. एके दिवशी चहा देताना म्हणाली, "गुरुवारी बंद ठेवायची."

"कुठला गुरुवार?" रघुनंदनने विचारलं.

"दर गुरुवार."

"बापाने सणालासुद्धा—"

"तुमच्या बापाच्या गिरणीत बायको दळत नव्हती."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक जाईल."

"जाणार असतं तर बिल्ल्यांनाच गेलं असतं. आधीपासून सांगून ठेवलं की लोक बुधवारी आणतात. मंगळवारचं उपवासाचं आता कोणी विसरतं का?"

"सगळं ठरवूनच आली आहेस."

"हो."

पहिल्या गुरुवारी दुपारी मी गेलो ते मागच्या दाराने. शटर खाली होतं. महांतेश गावाकडे गेला होता, मुलांना बघून शुक्रवारी पहाटे येणार होता. भार्गवी आतल्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपली होती. केसांत कालचं पीठ होतं. दिवसाउजेडी झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात बसलो, हळू बोलत. खरं तर बोलत नव्हतोच. यंत्र बंद असलं की त्या घरात रस्त्यावरच्या बसचा आवाज येतो. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

शटर वाजलं. कोणीतरी तळहाताने बडवत होतं.

"अण्णा! अण्णा, आहात का? स्वल्प रागी आहे, एवढीशीच!"

रघुनंदन उठला. सवयीने उठला, मी बघत होतो. गिरणीत गेला, अंधारातून, ओट्याला कुठेही न धडकता. पट्टीपाशी थांबला. बाहेरून परत हाक आली, या वेळी मोठ्याने. त्याने आतल्या खोलीकडे वळून बघितलं.

"आज बंद आहे," तो शटरजवळ तोंड नेऊन म्हणाला. "उद्या आणा."

"पण तुम्ही आहात की आत!"

"मी आहे. गिरणी बंद आहे."

बाहेरची बाई काहीतरी पुटपुटली. डब्याची कडी वाजली, चपला लांब गेल्या. रघुनंदन परत येऊन माझ्याशेजारी बसला. बसताना त्याने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"जोरात बोललो का?" त्याने विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. आत भार्गवीने कूस बदलली आणि झोपून राहिली.